पाचवी परडी

"परडी कुठाय तुमची?"

इनामदारवैनीनं मला विचारलं. हसत. तिच्या हातात पितळेचं ताट, ताटात जोंधळं, गूळ, खोबऱ्याची वाटी, भंडारा. माझ्या अंगावर लग्नातली इरकल साडी. हातात कुंद्याच्या मिठाईचा अर्धा किलोचा डबा, बेळगावच्या खडेबाजारातनं मुद्दाम आणलेला. मागं माझी आई, ठेवणीतलं लुगडं नेसून. आम्ही दोघी जेवायला आलतो. म्हंजे मला तसं वाटलेलं.

"कसली परडी?" मी म्हटलं.

"अहो, आणली न्हाय? बरं, असू दे. पदरात घ्या. बसा इथंच."

इथंच म्हंजे पोर्चमध्ये. चपलांच्या स्टँडजवळ. तिथं एक सतरंजी टाकलेली आणि तिच्यावर कंग्राळीच्या दोन म्हाताऱ्या जोगतिणी बसलेल्या, पुढ्यात आपापली परडी घेऊन. आत हॉलमध्ये लेआउटातल्या, म्हंजे आमच्या कॉलनीतल्या बायका. सोफ्यावर, खुर्च्यांवर. रोज सकाळी माझ्यासंगं चालायला येणाऱ्या. एकीनं मला बघून हात हलवला आणि परत गप्पा मारत बसली. मी पोर्चमध्ये आणि ती आत, ह्यात तिला काहीच वेगळं दिसलं न्हाय.

परडी म्हंजे काय ते सांगते, आता बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. यल्लम्माला सोडलेल्या बाईच्या हातातली टोपली. ती घेऊन दारोदार जोगवा मागायचा. पौर्णिमेला मोठ्या घरची माणसं पाच परड्या बोलावतात. त्यात धान्य घालतात, नैवेद्य घालतात, त्या बाईच्या पाया पडतात. पाया पडून झालं की तिला दाराबाहेर बसवून जेवाय घालतात. देवी आत, देवीची बाई बाहेर.

मी सरकारी दवाखान्यात नर्स हाय. आमचं घर त्याच ओळीत, इनामदारांच्या पुढं दोन घरं सोडून. थर्टी-फॉर्टीची साईट, म्हंजे प्लॉट. कंग्राळीच्या बाजूला भाताची शेतं होती, तिथं हा लेआउट पडला. नवरा बसवर कंडक्टर. दोघांच्या पगारावर घर बांधलं. वरचा मजला अजून झाला न्हाय, सळ्या उघड्याच हायत.

लेआउटात सगळं एकत्र. गणपती एकत्र, दसऱ्याचं सोनं एकत्र, सकाळचं चालणं एकत्र. व्हॉट्सॲपच्या ग्रुपचं नाव 'आमचं कुटुंब'. त्या कुटुंबात माझं काम काय, तर बीपी बघणं. सुई टोचणं. कुणाच्या सासऱ्याचं ड्रेसिंग करणं. रविवार न्हाय, सण न्हाय, दार वाजलं की मी हजर. आलेला माणूस दंड पुढं करायचा, आकडा ऐकायचा आणि उठायचा. चहा ठेवते म्हटलं की घड्याळ बघायचा. "नको हो, आत्ताच झाला." दोन वर्षं मी समजत होते, माणसं बिझी हायत. नर्स असून मला एवढं साधं लक्षण कळलं न्हाय. कप्पाळ माझं!

म्हणून त्या दिवशी वैनी गेटपाशी थांबून म्हटली, "पौर्णिमेला आमच्याकडं यल्लम्माची पूजा हाय, तुम्ही नक्की यायचं, आणि आईंना आणायचंच," तवा मी खुळ्यासारखी खूश झाले. पहिल्यांदा कुणीतरी घरात बोलावलेलं. आत जाऊन आईला सांगितलं.

आई शेंगा फोडत बसलेली. हात थांबला तिचा.

"मी न्हाय येत."

"का गं?"

"यल्लम्मा म्हटली न्हवं ती? मग मी न्हाय येत. तू जा."

"आई, ते जुनं सोड की आता. शेजारी हायत. प्रेमानं बोलावल्यात. तुझं नाव घेऊन बोलावल्यात."

"माझंच नाव का घेतलं?"

तिनं बरोबर प्रश्न विचारला होता. पण उलट मीच तिला बोलले, तुझ्या डोक्यातनं ते निघतच न्हाय, जग कुठल्या कुठं गेलं, तू अजून निपाणीच्या त्या गल्लीतच हायस. पौर्णिमेच्या सकाळी ती उठून न्हाली, लुगडं नेसली. मी तिला नेलं. दोघींत शहाणी ती होती आणि शिकलेली मी. हे मी लपवून ठेवणार न्हाय. त्या पोर्चमध्ये माझ्या आईला मीच हाताला धरून नेलं.

आईचं सांगते. ती सात वर्षाची असताना तिच्या केसात गुंता झाला. तेल न्हाय, फणी न्हाय, गुंता होणारच. गावानं सांगितलं, जट आली, देवीनं पोर मागितली. मोठ्या घरच्या पोरीच्या केसात गुंता झाला तर तेल लावतात, आमच्या पोरीच्या केसात झाला तर देवी मागती. आईच्या गळ्यात तांबडं-पांढरं मोती बांधलं आणि हातात परडी दिली. पुढं वयात आल्यावर देवीच्या नावावर सोडलेल्या बाईचं गावातली मोठी माणसं काय करतात ते सांगायची गरज न्हाय. मी झाले. बापाचं घर आईला माहीत, मला माहीत, गावाला माहीत. शाळेच्या दाखल्याला तेवढं माहीत न्हवतं. मास्तरनं वर्गात बापाचं नाव विचारलं तवा आख्खा वर्ग हसला, कारण उत्तर आख्ख्या वर्गाला येत होतं.

मी चौथीत असेन. आई तवा निपाणीत बिड्या वळायची. चार-पाच बायका मिळून एका खोलीत बसायच्या. एक दिवस पानं कापता कापता तिनं ती कात्री उचलली आणि आपल्या जटंला लावली. कराकरा कापली. जट कापली की रगत येतं, देवी घर बुडवती, असं सगळ्यांनी सांगितलेलं. रगत आलं न्हाय. घर आमचं एक खोलीचं, त्यात बुडायला होतं काय? मोती चुलीत गेलं. परडी तेवढी तिनं ठेवली, कारण वीण घट्ट होती. ती मांडीवर घेऊन, तिच्यात तंबाखू घालून आई पुढं वीस वर्षं बिड्या वळत बसली. माझं नर्सिंग त्या परडीतनं झालं. देवीच्या कृपेनं न्हाय, तंबाखूच्या धुरळ्यानं. आईची छाती त्यातच गेली. अजून जिना चढताना तिला दोनदा थांबायला लागतं.

हे मी माझ्या पोरीला सांगितलं न्हवतं. तन्वी बारा वर्षाची हाय. मोठी झाल्यावर सांगू, म्हणून मी पुढं ढकलत आले. नवरा सोडला तर बेळगावात कुणालाच ठाऊक न्हवतं. म्हंजे इनामदारवैनीला माझ्या आईचं अवाक्षर माहीत न्हवतं. माहीत असायची गरजच पडली न्हाय. तिला जात माहीत होती. जात कळली की ह्यांच्यात परडी असणारच, हे तिनं धरून टाकलं. जसं कुंभाराच्या घरी मडकं असणार तसं.

तर पोर्चमध्ये आम्ही उभ्या. जोगतिणीतली एक म्हातारी सरकून म्हणाली, "ये गं बाई, बस. लई जागा हाय." मला तिच्या शेजारी बसायची लाज वाटली. खरं सांगते, वाटली. माझी इरकल, माझी नोकरी, माझी साईट, आणि मी हिच्या शेजारी? ती म्हातारी माझ्या आईच्या वयाची, आईसारखीच नाडलेली. तिची लाज वाटायचं कारण काय होतं? लाज वाटायला पाहिजे होती त्या ताटवालीला. आमच्या लाजंचं तोंड कुणीतरी आधीच आमच्याकडं फिरवून ठेवलंय.

मी उभीच राहिले. आई मात्र बसली.

आणि तिनं पदर पसरला.

कुणी सांगायच्या आधी. दोन्ही हातांनी पदराची टोकं धरली, मान खाली घातली. सात वर्षाची असताना शिकवलेलं अंगात जसंच्या तसं होतं. कात्रीनं जट कापली, ते मात्र कापलं गेलं न्हवतं. वैनीनं ओंजळीनं जोंधळं घातलं. गूळ घातला. भंडाऱ्याची चिमूट आईच्या कपाळाला लावली. मग वाकून तिच्या पाया पडली. माझ्या डोळ्यासमोर.

वैनी उठली. बोटानं मोजलं. दोन जोगतिणी, आई, मी.

"एक कमी पडती. पाच लागतात." मग तिचा चेहरा उजळला. "अहो, तुमची तन्वी हाय की! आज शाळेला सुट्टी हाय न्हवं? बोलवा तिला. कुमारिका असली तर आणखीन चांगलं."

मी ऐकत होते. ती माझ्या होकारासाठी थांबली न्हाय. ताट घेऊन गेटपर्यंत गेली आणि तिनं हाक मारली, "तन्वी! ए तन्वी! आई बोलवती बघ. लवकर ये!"

मी बोलवत न्हवते. माझं नाव घेऊन ती माझ्या लेकीला बोलवत होती.

तन्वी आमच्या गेटवर आली. टी-शर्ट, हाफ पँट, हातात मोबाईल. "काय आई?" म्हणून तिकडनंच ओरडली. चालायला लागली. दोन घरांचं अंतर. मधे एक लाईटचा खांब आणि एक पेरूचं झाड.

माझं डोस्कं फिरलं. मी आईच्या पदराचं टोक धरलं आणि हिसडा दिला. जोंधळं टाईल्सवर उडालं. गूळ चपलांत गेला. खोबऱ्याची वाटी गडगडत वैनीच्या पायापाशी जाऊन थांबली.

"तन्वी, मागं फीर! घरात जा! दार लाव!"

असा माझा आवाज मी कधी ऐकलेला न्हवता. पोरगी जिथं होती तिथंच थांबली, मग पळत घरात गेली.

आतल्या बायका बाहेर आल्या. "अगं बाई, देवीचं धान्य सांडलं!" एक म्हणाली. दुसरी लगेच गालावर मारून घ्यायला लागली. वैनीचा चेहरा पांढरा पडलेला.

"अहो काय केलंत हे? मी मान देत होते तुम्हाला! सगळ्यांना न्हाय मिळत हा मान."

मी म्हटलं, "मान असंल तर ह्या आतल्या बायकांना द्या की. पोरी ह्यांना पण हायत. एकीनं तरी आपली पोर आणून बसवावी इथं."

दोघी-तिघी आत सरकल्या.

"तुमच्यात असतं म्हणून बोलावलं," वैनी म्हणाली. "आमच्यात नसतं."

"आमच्यात नसतं. तुम्ही आमच्यात ठेवलंय ते."

तोवर आई खाली वाकलेली. एकेक दाणा टिपत होती. मला वाटलं, मेले, ही परत पदरात घेती. पण तिनं मूठ भरली आणि त्या शेजारच्या म्हातारीच्या परडीत टाकली. मग दुसरी मूठ. म्हातारी म्हणाली, "बास गं बास." आई म्हणाली, "घे. दाण्यानं काय वाईट केलंय? तुला खायाचं हाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठली, कपाळावरचा भंडारा पदरानं पुसला आणि मला म्हणाली, "चल."

कुंद्याचा डबा मी परत घेऊन आले. शिल्लक मान तेवढाच होता.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सुरू. 'देवीचा अपमान.' 'शिकलेली माणसं अशी वागतात?' 'लेआउटचं वातावरण बिघडतंय.' नमस्काराचे हात, रडणारी तोंडं, लाल दिवे. मला कुणी फोन केला न्हाय. नवरा ड्युटीवरनं आला, सगळं ऐकलं, बूट सोडत म्हणाला, "जाऊ दे की. ह्यांच्यातच राहायचंय आपल्याला. कर्ज हाय डोक्यावर." मी म्हटलं, "उद्या तुझ्या पोरीला हाक मारतील ही माणसं. उद्या न्हाय, आज मारली." तो बुटाकडं बघत बसला. त्या माणसाला मी दोष देत न्हाय. पण मला त्यावेळी त्याचा राग आला, आणि तो राग अजून हाय.

दुसऱ्या दिवशी लेआउटचे अध्यक्ष आले. रिटायर इंजिनियर. मागं आणखी दोघं. गेटच्या बाहेरनंच बोलले.

"हे बघा सिस्टर, समजुतीनं घेऊ. इथं जातबीत कुणी मानत न्हाय. रविवारी देवळात सगळ्यांसमोर एक सॉरी म्हणा. विषय संपला. वैनींचं बीपी वाढलंय, जरा येऊन बघितलं तर बरं दिसंल."

मला हसू आलं. बया गं! माझ्यामुळं वाढलेलं बीपी मीच बघायचं.

"दवाखाना नऊला उघडतो," मी म्हटलं. "केसपेपर काढायचा, लाईनीत उभं राहायचं. सगळ्यांचं बघते तसं त्यांचं पण बघीन. आणि सर, जात मानत न्हाय म्हणता न्हवं? मग पाचवी परडी तुमच्या मिसेसला द्या. त्या तर आत खुर्चीवर होत्या."

त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. मागच्या दोघांतला एक म्हणाला, "चला सर, ह्यांच्याशी बोलण्यात अर्थ न्हाय." गेले.

त्या दिवशी दुपारी तन्वीनं आजीला विचारलं, "आजी, मला कशाला बोलवत होत्या?" मी स्वयंपाकघरात होते. मी बाहेर येऊन काहीतरी गुळमुळीत सांगणार होते. आईनं मला हातानं थांबवलं. पोरीला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. जट, मोती, गाव, माझा बाप. काही सोडलं न्हाय, काही सजवलं न्हाय. तन्वी रडली न्हाय. तिनं एकच विचारलं, "मग त्या माणसाला शिक्षा झाली?" आई म्हणाली, "न्हाय." पोरीनं माझ्याकडं बघितलं. तिचं ते बघणं मला सहन झालं न्हाय.

मी आईला म्हटलं, "ठाण्यात अर्ज देऊ का? तुझं नाव निघंल. निपाणीचं सगळं निघंल. लोक बोलतील."

"मला काय इचारतीस? मी जट कापली तवा कुणाला इचारलं व्हतं?"

अर्ज मी कन्नडात लिहिला. मुद्दाम. भाषा कळत न्हाय म्हणून कुणी परत देऊ नये. शाळेत शिकलेलं, दवाखान्यात रोज वापरलेलं कन्नड त्या दिवशी खरं कामाला आलं. घराचा पत्ता लिहिला. कुणी, कधी, कुणासमोर, काय शब्दांत, सगळं लिहिलं. माझ्या बारा वर्षाच्या मुलीला जातीवरनं परडी घेऊन बसायला हाक मारली, असं लिहिलं. माझ्या आईला जातीवरनं पोर्चमध्ये बसवलं, असं लिहिलं. खाली माझी सही, आईचा अंगठा. तिला सही येती. तिनं अंगठाच दिला. म्हणाली, "मोती बांधताना माझं काय घेतलं न्हवतं, अंगठा सुदीक न्हाय. आता घेऊ दे." ठाण्यातनं पोच घेतली. वकील म्हणतो, केस कितपत टिकंल सांगता येत न्हाय. न टिकू दे. लिहिलेलं तर राहील.

पोच घेतल्याची बातमी लेआउटात पोचायला तासभर पण लागला न्हाय. मग मात्र आमच्याकडं बघायची रीत बदलली. सकाळी चालताना माणसं पलीकडच्या बाजूनं जायला लागली. एक दलाल येऊन गेला, "साईट द्यायची असंल तर चांगलं गिऱ्हाईक हाय." मी त्याला विचारलं, "कुणी पाठवलं?" तो हसला. मी त्याला सांगितलं, वरचा मजला बांधायचा हाय, गवंडी असंल तर पाठव.

आठ दिवसांनी इनामदारवैनी आली. एकटी. पहिल्यांदा घरात आली, खुर्चीवर बसली. डोळे सुजलेले. मुलाला सरकारी नोकरीचा कॉल आलाय म्हणाली, तुमच्या अर्जात त्याच्या आईचं, म्हंजे माझं नाव असलं तर अडचण येईल म्हणाली.

"चुकलं माझं. मुलीला बोलवायला नको होतं. लहान लेकरू. मी पाया पडते तुमच्या. अर्ज मागं घ्या."

तिच्या डोळ्यात खरं पाणी होतं. मी दगड न्हाय. क्षणभर मला तिची दया आली.

मी विचारलं, "आणि आईचं?"

"आईंचं काय?"

"तिला पोर्चमध्ये बसवलं, ते?"

ती गोंधळली. खरंच गोंधळली, नाटक न्हवतं. "अहो, पण आईंचं तर... तुमच्यात ते असतंच की."

आई आतल्या दारात उभी होती. तिनं ऐकलं. तन्वीनं पण ऐकलं.

मी उठले. वैनीला दार उघडून दिलं. म्हटलं, "पोरीचं तुम्हाला चुकल्यासारखं वाटलं, कारण केस होईल. आईचं अजून वाटत न्हाय. अर्ज मागं घेणार न्हाय. आज न्हाय, तुमच्या पोराला नोकरी लागली तरी न्हाय आणि न्हाय लागली तरी न्हाय. कोर्टात उभं राहून हेच वाक्य म्हणा, 'तुमच्यात ते असतंच की.' साहेब लिहून घेतील."

ती गेली. मी दार लावलं न्हाय. तिला पाठीमागनं दिसावं म्हणून दारातच उभी राहिले, ती तिच्या गेटच्या आत जाईपर्यंत.